काचेच्या खोलीतील टेबल: सीताबर्डीतील एका दुरुस्ती दुकानाचा प्रकरण अभ्यास

नागपूरच्या सीताबर्डी भागात इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगड्या आणि एलईडी टीव्ही यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणारे एक जुने दुकान आहे. शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील लहान तंत्रज्ञ बिघडलेले बोर्ड येथे आणून देतात आणि दुरुस्त झालेले घेऊन जातात. एका उन्हाळ्यात या दुकानातून गेलेले बोर्ड पूर्वीपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात परत येऊ लागले. बोर्ड देण्यापूर्वी तो भारावर चालवून पाहण्याची दुकानाची पद्धत जुनी आणि शिस्तीची होती. परत आलेले बोर्ड त्या चाचणीत उत्तीर्ण झालेले होते, मात्र ग्राहकाकडे बसवताच किंवा काही दिवस चालल्यावर ते बंद पडत. कारण शोधून देण्याची विनंती दुकानमालकाने प्रस्तुत लेखकाला केली. दुकानाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण जे आढळले ते विदर्भातील बहुतेक दुरुस्ती दुकानांत थोड्याफार फरकाने आढळू शकते.

त्याच वर्षी दुकानाच्या मागील भागात काचेची एक बंदिस्त खोली बांधण्यात आली होती. रस्त्यावरील धूळ बोर्डांवर बसू नये आणि कारागिरांना नवतप्यातही बसून बारीक काम करता यावे, हा त्यामागील स्वच्छ हेतू होता. खोलीत एसी बसवला गेला, जमिनीवर व्हिनाइलचे आवरण अंथरले गेले, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि टेबलावर गुळगुळीत स्टीलचा पत्रा ठोकला गेला. मालकाने रिस्ट स्ट्रॅपही, म्हणजे घर्षणाने अंगावर साठणारी स्थितिक विद्युत जमिनीत वाहून नेणारे मनगटी पट्टे, आणले आणि ते वापरण्याची सक्ती केली. दर्शनी भागातील जुने लाकडी टेबल, त्याखालची उघडी फरशी आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र जसेच्या तसे राहिले, आणि तेथे ज्येष्ठ कारागीर पूर्वीप्रमाणे स्ट्रॅपशिवाय काम करीत राहिले.

दुकानाच्या जॉब रजिस्टरमध्ये प्रत्येक बोर्डापुढे कारागिराचे नाव आणि बदललेल्या भागांची नोंद होती, आणि या तपासात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. परत आलेले बहुतेक बोर्ड काचेच्या खोलीत दुरुस्त झालेले होते. जेथे खबरदारी घेतली जात होती तेथेच बिघाड जास्त आणि जेथे काहीच खबरदारी नव्हती तेथे तो कमी, असे हे उलटे चित्र होते. ते पाहून मालकाचा रिस्ट स्ट्रॅपवरचा विश्वास उडू लागला होता आणि स्थितिक विद्युत ही पुस्तकी भीती आहे असे त्यांचे मत बनत चालले होते. हा निष्कर्ष चुकीचा होता, परंतु त्यांच्यासमोर जो पुरावा होता तो पाहता तो अगदीच निराधार नव्हता.

पहिला संशय नकली भागांवर गेला, आणि तसा तो जाणे स्वाभाविक होते. बाजारात मॉसफेट आणि आयजीबीटी या विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागांच्या जुन्या, घासून नवीन क्रमांक छापलेल्या नगांची कमतरता नाही. परंतु एकाच खरेदीतील, एकाच नळीतील नग दोन्ही टेबलांवर वापरले गेले होते आणि बाहेरच्या टेबलावर बसवलेले नग टिकून होते. भाग वाईट असते तर ते दोन्हीकडे वाईट ठरले असते. दुसरा संशय ग्राहकांकडील विजेच्या चढउतारांवर होता, पण तोही याच तुलनेने मागे पडला, कारण दोन्ही टेबलांवरचे बोर्ड त्याच शहरात, त्याच वस्त्यांत जात होते. काचेच्या खोलीतील कारागीर तरुण असले तरी कामात कच्चे नव्हते, कारण त्यांचे सोल्डरचे सांधे भिंगाखाली तपासले तेव्हा ते स्वच्छ आढळले. संशय आता खोलीवरच येऊन थांबत होता.

हवा

ज्येष्ठ कारागीर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "भाऊ, आतल्या खोलीत खुर्चीवरून उठून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. बाहेर कधी बसत नाही." या एका वाक्यात निम्मा तपास होता. माणसाला असा चटका जाणवण्यासाठी अंगावर साधारण ३००० व्होल्ट तरी साठलेले असावे लागतात. अनेक आयसींच्या (बोर्डावरील चिपांच्या) माहितीपत्रकात मानवी शरीरातून होणाऱ्या विसर्जनाविरुद्धची, म्हणजे साठलेला प्रभार एकदम निसटण्याविरुद्धची, सहनशक्ती २००० व्होल्ट दिलेली असते, आणि ही चाचणी १०० पिकोफॅरडचा धारित्र (कपॅसिटर) १५०० ओहममधून रिकामा करून केली जाते. म्हणजे ज्या विसर्जनाने आयसी मरू शकते ते कारागिराला जाणवेलच असे नाही, आणि जे जाणवते ते आयसीच्या सहनशक्तीच्या पलीकडचे असते. जे भाग उघड्या गेटचे (गेट म्हणजे भागाला चालू-बंद करणारे टोक) आहेत त्यांची स्थिती याहून नाजूक असते. इन्व्हर्टर बोर्डावरील पॉवर मॉसफेट आणि आयजीबीटी यांच्या गेटवर सहसा उणे-अधिक २० व्होल्टची मर्यादा असते, कारण गेट आणि सिलिकॉन यांच्यामधील ऑक्साइडचा थर अत्यंत पातळ असतो.

खोलीत आर्द्रतामापक ठेवला तेव्हा दुपारचे आकडे चाळीस टक्क्यांच्या खाली राहिले, तर बाहेर कूलरसमोर ते साठच्या वर होते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एसी हवेतील सगळा ओलावा शोषून घेतो आणि म्हणून खोली कोरडी होते, असे सर्रास सांगितले जाते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४४ अंशांच्या आसपास असताना सापेक्ष आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते, आणि तीच हवा २६ अंशांपर्यंत थंड केली की तिची सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. एसीची खोली बाहेरच्या रस्त्यापेक्षा कोरडी नव्हती, ती कूलरच्या तुलनेत कोरडी होती. कूलर दिवसभरात कित्येक लिटर पाणी हवेत सोडत असे आणि त्या ओलाव्याने टेबल, कपडे, प्लास्टिक या सगळ्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसत असे, ज्यातून प्रभार साठण्यापूर्वीच वाहून जाई. या दुकानात वर्षानुवर्षे स्थितिक विद्युतेची तक्रार आली नाही त्याचे श्रेय कूलरला होते, आणि ते कोणी त्याला दिलेले नव्हते.

हा फरक किती मोठा असू शकतो याची कल्पना १९८० मधील एका अमेरिकी लष्करी हस्तपुस्तिकेतील सारणीवरून येते. ही सारणी या क्षेत्रात आजही उद्धृत केली जाते. व्हिनाइलच्या जमिनीवर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर अतिकोरड्या हवेत १२,००० व्होल्टपर्यंत, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत सुमारे २५० व्होल्ट साठू शकतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्यासाठी हेच आकडे ६००० आणि १०० आहेत, आणि टेबलावरून साधी प्लास्टिकची पिशवी उचलल्यास २०,००० आणि १२०० आहेत. काचेच्या खोलीतील हवा या सारणीतील कोरड्या टोकाइतकी कोरडी नव्हती, त्यामुळे हे आकडे तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही व्हिनाइल, चाकांची खुर्ची आणि पॉलिस्टरचे कपडे एकत्र आल्यावर दाराच्या मुठीचा चटका हाच पुरेसा पुरावा होता.

तरीही स्ट्रॅप बांधलेल्या हाताने केलेल्या कामात एवढे बिघाड का व्हावेत, याचे उत्तर हवेत मिळत नव्हते.

अर्थिंग

रिस्ट स्ट्रॅपची दोरी एका एक्स्टेंशन बोर्डाच्या अर्थ पिनेला जोडलेली होती. त्याच एक्स्टेंशनवर सोल्डरिंग स्टेशन, डीसी पॉवर सप्लाय आणि संगणक चालत होते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांमध्ये मोजले असता २३० व्होल्ट यायला हवे होते. तेथे सुमारे निम्मे आले, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्येही जवळपास तेवढेच आले. ज्याने हे काम केले आहे त्याला हे आकडे पाहताच कळते की अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. शोध घेतला तेव्हा खोलीसाठी नवीन ओढलेल्या लाइनमध्ये हिरवी तार मुख्य पेटीपर्यंत आणून तशीच गुंडाळून ठेवलेली सापडली. इमारतीच्या मागील अर्थिंगचा खड्डाही कोरडा ठणठणीत होता. आपल्याकडची काळी कापसाची माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात मार्चपासूनच पाणी घालत राहिले पाहिजे, हे जुन्या वायरमनांना ठाऊक असे.

अर्थ तुटलेला असताना निम्मा व्होल्टेज कोठून येतो, हे या प्रकरणाच्या मुळाशी असल्याने ते थोडे विस्ताराने सांगतो. संगणकाच्या आणि डीसी सप्लायच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सर्किटमध्ये, विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन लहान धारित्र असतात. अर्थ जमिनीशी जोडलेला असेल तर त्यांतून जाणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थ लटकता असेल तर हे दोन धारित्र २३० व्होल्ट आपसात वाटून घेतात आणि मधला बिंदू, म्हणजे उपकरणांचा धातूचा सांगाडा, ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. त्या एक्स्टेंशनवरील सगळ्या अर्थ पिना एकमेकींशी जोडलेल्या होत्या. परिणामी सोल्डरिंग आयर्नचे टोक, टेबलावरचा स्टीलचा पत्रा आणि स्ट्रॅपमधून कारागीर स्वतः, हे सगळे त्या व्होल्टेजवर तरंगत होते.

जोपर्यंत टेबलावरील प्रत्येक वस्तू सारख्याच व्होल्टेजवर तरंगते तोपर्यंत बोर्डाला काही होत नाही, कारण इजा फरकाने होते. पण गरम हवेने सोल्डर वितळवणारे हॉट एअरचे यंत्र भिंतीवरील दुसऱ्या, जुन्या सॉकेटवर होते आणि त्या सॉकेटचा अर्थ जमिनीशी जोडलेला होता. शिवाय मोठा बोर्ड धरायला कधीकधी बाहेरचा कारागीर येई, जो चपला दाराशी काढून, अनवाणी, व्हिनाइल न पोहोचलेल्या दाराजवळच्या फरशीवर उभा राहात असे. बोर्डाचा एक भाग जमिनीशी जोडला गेला आणि आयर्नचे टोक गेटला टेकले, की त्या धारित्रांतून ११५ व्होल्टच्या लहरीच्या १६० व्होल्टपर्यंतच्या शिखराचा मोठा हिस्सा वीस व्होल्टच्या गेटवर पडत असे. हात बधिर होईल इतका हा प्रवाह नसतो. कारागिराला काही कळत नाही, पण गेटच्या ऑक्साइडला छिद्र पडण्यास तो पुरेसा असतो. काटेकोर बोलायचे तर हे स्थितिक विद्युतेचे विसर्जन नव्हे, हा विद्युत अतिताण, म्हणजे मर्यादेपलीकडचा व्होल्टेज, आहे. परंतु परत आलेल्या बोर्डावरचा मेलेला मॉसफेट पाहून या दोहोंत फरक करणे कोणत्याही दुकानाला शक्य नाही. त्यासाठी भागाचे आवरण रासायनिक रीतीने उघडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. म्हणून येथील कारणमीमांसा मोजमापे आणि दोन टेबलांची तुलना यांवर उभी आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

ऑक्साइडला पडलेले छिद्र प्रत्येक वेळी भागाला तत्काळ मारत नाही. काही वेळा थराचा एखादा अंश दुबळा होतो, गेटमधून नको तेवढा प्रवाह झिरपू लागतो, आणि भाग चाचणीत चालतो. धडधाकट मॉसफेटमध्ये गेटची गळती नॅनोअँपिअरमध्ये मोजली जाते, जी साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. नंतर छतावरच्या तापलेल्या आउटडोअर युनिटमध्ये रोज तासन्‌तास चालताना तो दुबळा अंश फाटतो. चाचणीत उत्तीर्ण झालेले बोर्ड काही दिवसांनी परत का येत होते, याचा हाच सर्वांत संभाव्य खुलासा वाटतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही दुकानाची बेइमानी ठरते आणि कारागिराच्या दृष्टीने नशीब. दोन्ही समज प्रामाणिक माणसांना दुखावणारे आहेत, म्हणून हे प्रकरण लिहिण्याची निकड वाटली.

टेबलावरच्या सवयी

उरलेल्या गोष्टी लहान होत्या, पण त्या एकमेकींत मिसळत होत्या. आयसी आणि मॉसफेट थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवले जात. थर्माकोल प्रभार साठवण्यात अग्रेसर आहे, आणि तो विद्युतरोधक असल्यामुळे त्याला कितीही अर्थ जोडला तरी त्याच्यावरचा प्रभार हलत नाही. त्याला टेबलावरून काढून टाकणे हाच व्यवहारात परवडणारा इलाज आहे. प्रत्येक बोर्डावर जॉब क्रमांकाची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवली जाई आणि काम सुरू करताना ती ओढून काढली जाई. पट्टी सोलताना काही हजार व्होल्ट निर्माण होऊ शकतात आणि तेही थेट आयसीच्या पायांपासून बोटभर अंतरावर. चिठ्ठी आता सुती दोऱ्याने बोर्डाच्या स्क्रूच्या भोकात बांधली जाते.

स्टीलच्या पत्र्याबद्दल मालकांना विशेष अभिमान होता, कारण धातू म्हणजे उत्तम वाहक आणि उत्तम वाहक म्हणजे सुरक्षितता, असा त्यांचा विचार होता. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या नळीतून घसरून आलेली आयसी स्वतःच प्रभारित झालेली असते, आणि तिचा पाय धातूला टेकला की तो प्रभार नॅनोसेकंदाच्या आसपास, मध्ये कोणताही रोध नसताना, एकदम निसटतो. या प्रकारच्या इजेला माणसाच्या हाताची गरजच नसते. म्हणून टेबलावर असा पृष्ठभाग हवा जो प्रभार वाहून नेईल पण सावकाश, आणि चांगल्या ईएसडी (स्थितिक विसर्जन रोखणाऱ्या) मॅटचा रोध सहसा दहा लाख ते शंभर कोटी ओहम यांच्या दरम्यान राखलेला असतो तो याचसाठी.

पिशव्यांबाबतही गोंधळ होता. भाग ठेवण्याची गुलाबी पिशवी घासली जाऊन स्वतः प्रभार निर्माण करीत नाही, एवढाच तिचा गुण आहे, आणि बाहेरून होणाऱ्या विसर्जनापासून ती आतील भागाला वाचवत नाही. त्यासाठी धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी लागते, आणि तिचे तोंड बंद असेल तरच तिचा उपयोग होतो. दुकानात दुरुस्त बोर्ड चंदेरी पिशवीवर ठेवून ग्राहकाला दिले जात, पिशवीत नव्हे.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट एका तरुण कारागिराने केली होती. स्ट्रॅपची दोरी तुटल्यावर त्याने घरच्या वायरिंगची साधी तार मनगटाला गुंडाळून अर्थला जोडली होती. स्ट्रॅपच्या दोरीत दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. चुकून हात २३० व्होल्टच्या तारेला लागला तर त्या रोधामुळे स्ट्रॅपमधून जाणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरवर थांबतो. साध्या तारेत असा अडथळा नाही, आणि अशा तारेने बांधलेला हात म्हणजे मृत्यूला दिलेले आमंत्रण आहे. ती तार त्याच क्षणी काढून टाकली गेली. याच संदर्भात दुकानात आणखी एक नियम लावण्यात आला: बोर्डाला वीज जोडून तपासणी करताना स्ट्रॅप काढून ठेवायचा. इन्व्हर्टर बोर्डाच्या मुख्य धारित्रावर ३२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक एकदिश (डीसी) दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्यामुळे स्ट्रॅप पुन्हा बांधण्यापूर्वी तो धारित्र योग्य रोधातून रिकामा करून मीटरने खात्री करून घेतली जाते. भागाचे रक्षण माणसाच्या रक्षणापुढे कधीही जाऊ नये.

बदल आणि त्यांची कसोटी

हिरवी तार मुख्य पेटीत जोडली गेली आणि खड्ड्याची दुरुस्ती झाली. प्रभार वाहून जाण्यासाठी अर्थिंग फार उत्तम असण्याची गरज नसते, कारण स्ट्रॅपच्या एक मेगाओहमपुढे खड्ड्याचे पाच-पन्नास ओहम नगण्य आहेत. ते उत्तम लागते ते माणसाच्या सुरक्षिततेसाठी. टेबलावर मॅट आली, आणि मॅट, स्ट्रॅप, सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर व पॉवर सप्लाय या सर्वांचे अर्थ एकाच बिंदूवर आणले गेले. माझ्या मते सगळ्या बदलांत हा एक बदल सर्वांत मोलाचा होता, कारण बोर्डाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक व्यक्ती एकाच विद्युत पातळीवर असणे हेच या सगळ्या खबरदारीचे सार आहे, आणि स्ट्रॅप हा त्या साखळीतला केवळ एक दुवा आहे. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने स्ट्रॅप बांधून मोजणी करावी आणि माणसासह एकूण रोध ३५ मेगाओहमच्या आत आहे हे पाहावे, असे ठरले. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडल्याने हा आकडा वर जातो, तेव्हा मनगट किंचित ओले करून पट्टी घट्ट बांधली की तो खाली येतो. शर्टाच्या बाहीवरून बांधलेला स्ट्रॅप या मोजणीत लगेच पकडला जातो.

खोलीतील आर्द्रता वाढवण्याचा विचार झाला, पण त्यावर विसंबायचे नाही असे ठरले. ओलावा मदत करतो, मात्र विजेची कपात झाली, कूलरची टाकी रिकामी राहिली किंवा ऋतू पालटला की तो निघून जातो.

जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाल्यावर परत येणारे बोर्ड झपाट्याने कमी झाले आणि दुकानात समाधान पसरले. तो पुरावा मी ग्राह्य धरला नाही. पावसाळ्यात नागपूरची हवा आपोआप दमट होते आणि काहीही न बदलता हे आकडे सुधारले असते. खरी कसोटी पुढच्या एप्रिल-मे महिन्यांतच होऊ शकत होती. त्या उन्हाळ्यात काचेच्या खोलीतील आणि बाहेरच्या टेबलावरील कामाच्या परत येण्याच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक उरला नाही. फुगलेले धारित्र, तडकलेले सांधे, पालींनी केलेले शॉर्ट सर्किट या कारणांनी येणारे बोर्ड पूर्वीइतकेच येत राहिले, आणि यामुळे निष्कर्षाला उलट बळकटी मिळते, कारण बदलांचा परिणाम ज्या प्रकारच्या बिघाडावर व्हायला हवा होता त्याच प्रकारावर तो दिसला.

एक बाब अजून दुकानाच्या हाती आलेली नाही. दुरुस्त बोर्ड बसवणारा तंत्रज्ञ भर दुपारी गच्चीवर, सिंथेटिक कपड्यांत, वीस टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत चंदेरी पिशवी फाडतो आणि बोर्ड उघड्या हाताने धरून आउटडोअर युनिटमध्ये सरकवतो. दुकानाने आता प्रत्येक पिशवीला मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी जोडली आहे: मेन स्विच बंद करून युनिटमध्ये वीज नसल्याची खात्री करावी, मग पिशवी उघडण्यापूर्वी युनिटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावावा, बोर्ड कडांनी धरावा, आणि कनेक्टर जोडताना दुसऱ्या हाताचा स्पर्श सांगाड्याला कायम ठेवावा. किती जण ती चिठ्ठी वाचतात हे कळण्यासाठी रजिस्टरमध्ये बोर्ड बसवणाऱ्याचे नाव लिहिण्याचा एक नवा रकाना या वर्षी सुरू केला आहे.